घटक ३ : मराठी आणि इंग्रजी संख्यावाचन – तौलनिक अभ्यास

३.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :
• मराठी व इंग्रजी संख्यानामांच्या रचनेतील साम्यभेद सोदाहरण स्पष्ट करणे.
• इंग्रजीत संख्या सांगताना मराठीभाषकांकडून होणाऱ्या चुकांची भाषिक कारणे सांगणे.
• दोन अंकी संख्या, अपूर्णांक आणि मोठ्या रकमा इंग्रजीत बिनचूक सांगणे.

३.२ प्रस्तावना

विद्यार्थिमित्रांनो, एका संपर्कसत्रात हार्डवेअरच्या दुकानात नोकरी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने आपला अनुभव सांगितला. मालकांनी त्याला 'अठ्ठावन्न नग मागव' असे सांगितले. परराज्यातील व्यापाऱ्याशी फोनवर इंग्रजीत बोलताना त्याच्या तोंडून 'एटी-फाइव्ह' असे निघाले. माल आला तेव्हा सत्तावीस नग जास्त होते. मालकांनी निष्काळजीपणाचा ठपका ठेवला आणि त्या दिवसापासून हा विद्यार्थी इंग्रजीत आकडा सांगण्याचे टाळू लागला.

ही चूक निष्काळजीपणाची होती काय? भाषाविज्ञानाचे उत्तर 'नाही' असे आहे. एस. पिट कॉर्डर या अभ्यासकाने १९६७ मध्ये असे प्रतिपादन केले, की शिकणाऱ्याच्या चुका हा केवळ दोष नसतो. त्याच्या मनात भाषेची कोणती व्यवस्था आकार घेत आहे, याचा तो पुरावा असतो. 'अठ्ठावन्न' या शब्दात आठ आधी येतात, पन्नास नंतर. त्या विद्यार्थ्याने मराठीचा क्रम इंग्रजीत नेला, एवढेच घडले. हा क्रमभेद नीट समजून घेणे हा या घटकाचा गाभा आहे.

३.३ विषय-विवेचन

३.३.१ एकक आधी की दशक आधी?

'एकवीस' म्हणजे एक आणि वीस. 'पस्तीस' म्हणजे पाच आणि तीस. मराठीत एकक आधी उच्चारले जाते, मात्र लिहिताना दशक डावीकडे, म्हणजे आधी येते. इंग्रजीत 'ट्वेन्टी-वन', 'थर्टी-फाइव्ह' या वाचनात उच्चार आणि लेखन यांचा क्रम एकच आहे.

एककापासून सुरुवात करण्याची रीत केवळ आपलीच नाही. जर्मन भाषेत आजही 'एक आणि वीस' असेच म्हणतात आणि जुन्या इंग्रजीतही हीच पद्धत होती. आपल्या शेजारच्या कन्नड व तेलुगू भाषांत मात्र दशक आधी येते. म्हणून कोणतीही एक पद्धत 'शास्त्रशुद्ध' आणि दुसरी 'मागास' असे म्हणता येत नाही.

२०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'वीस एक' अशा वाचनाचा समावेश झाला, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला, हे आपल्याला आठवत असेल. ज्या क्रमाने अंक लिहितो त्याच क्रमाने वाचले तर मुलांना सोपे जाईल, अशी एक बाजू होती. रूढ संख्यानामे हा भाषेचा ठेवा आहे, अशी दुसरी. वादाचा निर्णय येथे करावयाचा नाही. मराठी संख्यानामांचा क्रम मराठी मुलांनाही शिकावाच लागतो, एवढे त्यातून लक्षात घ्यावे.

३.३.२ पाठांतराचा भार

मराठीत 'दोन' हा अंश दशकागणिक कसा बदलतो ते पाहा : बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. यांपैकी एकाही शब्दात 'दोन' हे रूप जसेच्या तसे आढळत नाही. दशकेही बदलतात : 'पन्नास'चे 'वन्न' किंवा 'पन्न' होते, 'सत्तर'चे 'हत्तर' होते. त्यामुळे नव्याण्णवपर्यंतचे बहुतेक शब्द स्वतंत्रपणे लक्षात ठेवावे लागतात. आपण ते लहानपणी पाढ्यांच्या तालावर पाठ केले, म्हणून त्यांचा भार आज जाणवत नाही.

इंग्रजीत शून्य ते एकोणीस हे वीस शब्द आणि वीस ते नव्वद ही आठ दशके, असे केवळ अठ्ठावीस शब्द आले, की नव्याण्णवपर्यंतची प्रत्येक संख्या सांगता येते. ज्याने मराठीतील शंभर संख्यानामे आत्मसात केली आहेत, त्याला अठ्ठावीस शब्दांचे भय वाटण्याचे कारण नाही.

एका गटाकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. एकोणीस, एकोणतीस ते एकोणनव्वद हे शब्द वजाबाकीने सिद्ध झाले आहेत. 'ऊन' म्हणजे उणे, कमी. 'एकोणतीस' ऐकताच कानात 'तीस' घुमतो आणि तोंडून 'थर्टी-नाइन' निघून जाते. योग्य उत्तर 'ट्वेन्टी-नाइन' आहे. 'नव्याण्णव' हा शब्द मात्र नऊ आणि नव्वद यांच्या बेरजेचा आहे.

३.३.३ 'टीन' आणि 'टी'

तेरा ते एकोणीस या संख्यांत इंग्रजीही एकक आधी ठेवते : 'सिक्स्टीन' म्हणजे सहा आणि दहा. येथे अडचण क्रमाची नसून उच्चाराची आहे. 'थर्टीन' हा शब्द सुटा उच्चारताना आघात शेवटच्या 'टीन'वर येतो. 'थर्टी'मध्ये तो पहिल्या अवयवावर येतो. मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही, म्हणून आपला कान या भेदाकडे दुर्लक्ष करतो. फोनवर शंका आल्यास 'वन-थ्री' किंवा 'थ्री-झीरो' असे अंक सुटे करून विचारावेत. त्यात कमीपणा नाही. इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही असेच विचारतात.

लेखनातील एक बारकावा : 'फोर' आणि 'फोर्टीन' यांच्या स्पेलिंगमधील यू हे अक्षर 'फॉर्टी'मध्ये गळते.

३.३.४ सव्वा, दीड, अडीच, पावणे

ही मराठीची मोठी सोय आहे. इंग्रजीत या शब्दांना सर्वत्र चालतील असे सुटसुटीत प्रतिशब्द नाहीत, म्हणून शब्दाऐवजी मूल्याचे रूपांतर करावे. सव्वाशे म्हणजे १२५, पावणेदोनशे म्हणजे १७५, अडीच हजार म्हणजे २,५००, पावणेतीन हजार म्हणजे २,७५०. घड्याळाच्या बाबतीत मात्र साम्य आढळते : 'पावणेतीन'ला 'क्वार्टर टू थ्री' म्हणतात, दोन्ही भाषा पुढच्या तासातून पाव तास उणा करतात. 'साडेतीन'ला 'हाफ पास्ट थ्री' म्हणतात.

३.३.५ लाख आणि मिलियन

भारतीय इंग्रजीत लाख व कोटी रूढ आहेत आणि देशातील व्यवहारात ते चालतात. परदेशी व्यवहारात मात्र तीन-तीन अंकांचे गट करतात. एक मिलियन म्हणजे दहा लाख. एक बिलियन म्हणजे शंभर कोटी, अर्थात एक अब्ज. साडेबारा लाख ही रक्कम आपण १२,५०,००० अशी लिहितो, तिकडे ती १,२५०,००० अशी लिहितात. अंक तेच राहतात. स्वल्पविरामांची जागा बदलते आणि तिच्यासोबत वाचनही बदलते.

३.४ सरावाची पद्धत

मराठी शब्दावरून थेट इंग्रजी शब्दाकडे जाऊ नये. मध्ये अंक ठेवावा. 'अठ्ठावन्न' ऐकले, की ५८ लिहावे आणि लिहिलेला अंक डावीकडून वाचावा : 'फिफ्टी-एट'. प्रारंभी कागद लागेल, पुढे अंक मनातच उमटू लागेल. वीजबिल, एसटीचे तिकीट, किराणा मालाची यादी हे सर्व सरावाचे साहित्य आहे. प्रस्तावनेतील विद्यार्थ्याने हीच पद्धत अवलंबिली. तो आता दुकानातील फोन स्वतः घेतो. वही अजून जवळ ठेवतो आणि ते योग्यच आहे.

३.५ सारांश

मराठीत एकक आधी उच्चारले जाते, इंग्रजीत वीसनंतर दशक. मराठी संख्यानामे संख्येने अधिक व रूपांनी विविध आहेत. इंग्रजीची रचना बरीचशी नियमित आहे. चुकांचे मूळ बहुधा या भेदांत असते, शिकणाऱ्याच्या बुद्धीत नव्हे. अंकाला मध्यस्थ करून केलेला सराव हा त्यावरील व्यवहार्य उपाय आहे.

३.६ आपली प्रगती तपासा

(१) पुढील संख्या आधी अंकांत लिहा, नंतर इंग्रजीत मोठ्याने वाचा : त्रेपन्न, एकोणसाठ, शहात्तर, सव्वादोनशे, पावणेचार हजार.
(२) 'पस्तीस'ऐवजी 'फिफ्टी-थ्री' असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याची चूक कशामुळे झाली असेल, ते चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.
(३) आपल्या बोलीत किंवा घरात संख्या मोजण्याची काही वेगळी रीत असल्यास तिची नोंद करा आणि प्रमाण मराठीशी तिची तुलना करा.

प्रश्न १ ची उत्तरे : ५३, ५९, ७६, २२५, ३,७५०.