कागदाला नाव द्या

येरमाळ्याला चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते. माणसांचा पूर लोटतो. अशा गर्दीत एखादे पोर चुकले, तर कर्ण्यावरून त्याचे नाव पुकारतात. नुसते "एक पोर सापडले आहे" म्हटले, तर किती आया धावत येतील! नाव-गाव सांगितले, की नेमकी त्याचीच आई येते.

कागदाचेही तसेच आहे.

आता पुष्कळ जण घरचे कागद मोबाइलवर स्कॅन करतात. स्कॅन म्हणजे कागदाचे स्वच्छ चित्र. त्या चित्राला फाइल म्हणतात. मोबाइल फाइलला आपल्या मनाने नाव देतो. स्कॅन 1, स्कॅन 2, स्कॅन 3. पाच कागद असले तर ठीक. शंभर झाले, की कोणत्या फाइलीत काय आहे ते कळत नाही.

समजा, एका घरातला कर्ता माणूस वारला. जमिनीच्या सातबारावर त्याच्या बायकोचे नाव लावायचे आहे. वारस नोंदीसाठी ती पुतण्याला घेऊन चावडीवर गेली.

काकी म्हणाली, "बाळा, तुझ्या काकांचा मृत्यूचा दाखला मोबाइलात हाय ना? काढ की."

पुतण्या म्हणाला, "काकी, हाय खरा. पण हितं समदं स्कॅन, स्कॅनच लिवलंय. कुठं शोधू?"

शोधता शोधता चावडी बंद झाली. काकीचा रोज बुडाला. नोंद लांबली, की बँकेचे पीककर्ज अडते. सरकारी मदतही अडते. कागद घरात होता, मोबाइलातही होता. फक्त त्याला नाव नव्हते.

तर मग नाव कसे द्यावे? पाहा.

पहिल्याने तारीख लिहा. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. जसे 1987-06-12. असे लिहिले, की फाइली आपोआप जुन्या-नव्या अशा ओळीने लागतात. महिना सहावा असेल तर 06 लिहा, नुसता 6 नको. तारीख कागदावरची घ्या. स्कॅन केला त्या दिवसाची नको.

मग कागद कसला ते लिहा. फेरफार, खरेदीखत, मृत्यूदाखला.

मग कोणाचा ते लिहा. नुसते "काका" लिहू नका. घरात काका दोन असतात! पूर्ण नाव लिहा. जमिनीचा कागद असेल, तर गट क्रमांकही लिहा.

झाले नाव: 1987-06-12 फेरफार गट 45-2.

इथे एक गंमत आहे. आपण 7/12 लिहितो, 45/2 लिहितो. मधली ती तिरपी रेघ फाइलच्या नावात चालत नाही. म्हणून सातबारा असे अक्षरांत लिहा. 45-2 अशी आडवी रेघ द्या.

आपल्या भागातल्या जुन्या कागदांवर फसली साल असते. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत धाराशिव जिल्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. तिथे फसली साल चाले. त्यात 590 मिळवा, म्हणजे इंग्रजी सन साधारण कळते. फसली 1350 म्हणजे सन 1940-41. नावात दोन्ही लिहा. कागद उर्दूत किंवा मोडीत असेल, तर जाणत्याकडून आधी वाचून घ्या.

जुन्या कागदांचे मोल लहान नाही. 2023 साली सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली. मराठवाड्यातल्या निजामकाळच्या दप्तरांत कुणबी नोंदी शोधायच्या होत्या. सापडलेली पाने स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवली गेली. लोक त्यांत आपल्या पणजोबाचे नाव शोधू लागले. गाव आणि साल माहीत असले, की शोध सोपा होतो.

नाव दिलेल्या फाइली सरकारच्या डिजिलॉकरमध्ये ठेवता येतात. ही जणू मोबाइलातली पेटी. ती 2015 साली सुरू झाली. फाइल पेटीत घालण्याला अपलोड करणे म्हणतात. घालण्याआधी ती उघडून वाचा. कडा कापल्या नाहीत ना? शिक्का दिसतो ना? मग नाव द्या. मग पेटीत घाला. पेटी उघडताना मोबाइलवर ओटीपी येतो. तो गुप्त आकडा असतो. तो कोणालाही सांगू नका.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. डिजिलॉकरमध्ये जो दाखला सरकारी खात्याकडून थेट येतो, त्याला 2016 च्या नियमांनी मूळ कागदाचा मान आहे. तुम्ही स्वतः घातलेला स्कॅन ही मात्र नुसती नक्कल. म्हणून मूळ कागद रद्दीत घालू नका. पूर्वी दप्तर फडक्यात बांधून ठेवीत. त्याला रुमाल म्हणत. तसाच तुमचाही रुमाल बांधा. कसर-वाळवीपासून जपा. वर चिठ्ठी लावा. फाइलला जे नाव, तेच चिठ्ठीवर.

अभ्यास

1. घरातले तीन कागद काढा. प्रत्येकावरची तारीख शोधा.
2. त्या तिन्हींना नावे द्या. आधी वहीत लिहा, मग मोबाइलात.
3. फसली 1345 म्हणजे इंग्रजी सन कोणते?
4. ही नावे घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचून दाखवा. कागद न उघडता तो कसला आहे हे त्याला कळले, तर नाव बरोबर दिले असे समजा.