इराणी किलीम: आधी वीण बघा, नक्षी नंतर

इराणचा गालिचा म्हटला की तबरीझ, काशान, इस्फहानची मऊ लव डोळ्यांपुढे येते. किलीमला लव नसते. उभा ताणा पूर्ण झाकला जाईल असा आडवा बाणा ठासून बसवायचा, ही त्याची मूळ रचना. आपल्या सतरंजीचीही रचना हीच आहे, फक्त सतरंजी सुती असते आणि हा बहुतेक लोकरी. दुबई-शारजाच्या दुकानांत किंवा मुंबईच्या प्रदर्शनांत असे सगळे किलीम ‘इराणी ट्रायबल’ या एकाच चिठ्ठीखाली टांगलेले असतात. कश्काई, शाहसवन, कुर्द, लोर, बलुच बायकांनी पिढ्यान्पिढ्या जपलेले वेगळेपण त्या एका चिठ्ठीत बुडून जाते, याचे मला फार वाईट वाटते. ते वेगळेपण ओळखायला शिकता येते.

काय करावे

किलीम उलटा करा. दुकानात पहिली गोष्ट हीच. नक्षी प्रवास करते: लग्न होऊन आलेल्या मुलीबरोबर, बाजारातल्या मागणीबरोबर, शेजारच्या टोळीच्या तंबूतून. धागा धरायची रीत मात्र आईकडून हातात उतरते आणि सहसा बदलत नाही. म्हणून गाव-टोळी शोधायची तर पाठ बघावी.

दोन रंग उभ्या रेषेत भेटतात तिथे काय केले आहे ते तपासा. प्रत्येक रंगाचा बाणा आपापल्या शेवटच्या ताण्याभोवती वळून परत गेला असेल, तर मधे बारीक फट राहते आणि किलीम उजेडासमोर धरला की ती दिसते. फट फार लांब झाली तर कापड कमकुवत होते, म्हणून विणकर रेषा पायऱ्यापायऱ्यांनी तिरकी नेते. किलिमातले ते दातेरी चौकोन आणि पायऱ्यांचे त्रिकोण मुळात तिथून आले आहेत. फार्स प्रांतातल्या कश्काईंचे किलीम या फटीच्या विणीचे असतात. लोर आणि बख्तियारी टोळ्यांच्या विणकामात मात्र अनेकदा दोन्ही रंगांचे बाणे एकमेकांत अडकवलेले दिसतात. तिथे फट राहत नाही, पण पाठीमागे बोटाला लागेल असा उंचवटा उठतो. सुमाक विणीत रंगीत धागा ताण्यांना वेढे घेत पुढे जातो; त्याची पाठ पाहिली तर सुटी टोके लोंबताना दिसतील.

कश्काई किलिमात रंगांचा धीटपणा शोधा. हे तुर्किक भाषा बोलणारे लोक हिवाळ्यात आखाताजवळच्या उबदार सखलात आणि उन्हाळ्यात झाग्रोसच्या उंच कुरणांत जात आले. ताणाही लोकरीचा, बाणाही लोकरीचा. लाल, निळा, पिवळा, पांढरा असे रंग शेजारीशेजारी न घाबरता बसवलेले. माग जमिनीवर आडवा, खुंट्यांना ताणलेला. मुक्काम हलला की तो गुंडाळायचा आणि पुढच्या तळावर पुन्हा ताणायचा. त्यामुळे काठ कुठे किंचित आत गेला, रुंदी थोडी बदलली, तर ती खोट मानू नका.

सेन्नेह वेगळा ठेवा. सेन्नेह म्हणजे आजचे सनंदज, इराणी कुर्दिस्तानची राजधानी. इथला किलीम पातळ आणि बारीक. ताणा बहुधा सुती, काही जुन्या कामांत रेशमी. ‘माही’ नावाची मासे-पानांची दाट नक्षी असते आणि बाणा सरळ न नेता वाकवून गोलाई साधलेली असते. एवढी गोलाई फटीच्या विणीत आणणे अतिशय अवघड. हे शहरी कसब आहे, भटक्या तंबूतले नव्हे. दोन्ही मोठे आहेत, पण एका मापाने मोजू नयेत.

शाहसवनांच्या पिशव्या पाहायला विसरू नका. मुघानच्या सपाट कुरणांत हिवाळा आणि सबलान डोंगरावर उन्हाळा काढणाऱ्या या लोकांचे सर्वांत सुंदर काम जमिनीवर अंथरायचे नव्हतेच. अंथरुणे भरून उंटावर लादायची पेटीसारखी ‘माफ्रश’, जनावराच्या पाठीवर दोहो बाजूंना लोंबणारी ‘खुर्जीन’, यांतले पुष्कळसे सुमाक विणीत. दीर्घकाळ बाजारात ही कामे कॉकेशसची म्हणून विकली गेली. शिल्पकार आणि संग्राहक परवीझ तनावोली यांचे शाहसवन कापडांवरचे पुस्तक 1985 मध्ये आले. अशा अभ्यासांमुळे या कामांचे श्रेय शाहसवनांकडे परत आले.

वस्तू कशासाठी विणली ते विचारा. चौकोनी ‘सोफ्रे’ भाकरीसाठी किंवा जेवणासाठी. बलुच सोफ्रेचा मधला भाग पुष्कळदा न रंगवलेला, उंटाच्या रंगाचा असतो. ‘नमकदान’ म्हणजे मिठाची पिशवी. तिची मान मुद्दाम अरुंद, मीठ सांडू नये आणि जनावराने तोंड घालू नये म्हणून. बख्तियारी खुर्जीनच्या तळाशी गाठींच्या लवेची पट्टी असते, कारण घासले जाते ते तिथे. सौंदर्य आणि उपयोग इथे एकाच हाताने विणलेले आहेत, आणि मला या परंपरेतले सगळ्यांत मोलाचे हेच वाटते.

वरामीन आणि सिरजान लक्षात ठेवा. तेहरानच्या आग्नेयेला वरामीनच्या मैदानात अनेक टोळ्या येऊन मिसळल्या. तिथल्या किलिमांतल्या नागमोडी रेषांनी आणि शंकरपाळ्यांनी नजर ठरत नाही. केरमान प्रांतातले सिरजान ‘शिरिकी पीच’ या वेढ्यांच्या विणीसाठी प्रसिद्ध. जागतिक हस्तकला परिषदेने 2017 मध्ये त्याला किलिमांचे जागतिक शहर म्हटले.

रंग ओल्या पांढऱ्या सुती फडक्याने तपासा. कोपऱ्यात, हलक्या हाताने. फडक्याला रंग लागला तर थांबा. मग एक ठिकाण किंचित वाकवून धाग्याच्या मुळाशी बघा. वर करडा आणि आत भडक जांभळा दिसला, तर तो सुरुवातीच्या रासायनिक रंगांपैकी असण्याची शक्यता मोठी. मंजिष्ठेच्या जातीतल्या मुळांचा लाल, निळीचा निळा, डाळिंबाच्या सालीचा पिवळा हे जुने रंगही उतरतात, पण सौम्यपणे.

काय टाळावे

एकाच रंगातल्या छटांच्या पट्ट्यांना दोष म्हणू नका. लोकर थोडी थोडी रंगवली जाते आणि प्रत्येक घाण्याचा रंग थोडा निराळा निघतो. त्याला ‘अब्रश’ म्हणतात. जाणकार लोक ते आनंदाने शोधतात.

चिन्हांच्या तयार गोष्टींवर विश्वास ठेवू नका. ‘हा विंचू म्हणजे संरक्षण, ही शिंगे म्हणजे पौरुष’ असे पाठ केलेले अर्थ विक्रेत्यांकडे असतात. तीच आकृती एका टोळीत एका नावाने आणि दुसरीत दुसऱ्या नावाने ओळखली जाते, आणि कित्येकदा विणकर ती फक्त आजीने शिकवली म्हणून काढते. तेवढे कारण पुरेसे आहे.

गब्बेह किंवा झिलू घेऊन किलीम घेतला असे समजू नका. गब्बेह कश्काई आणि लोरांचाच, पण त्याला जाड लव असते. झिलू सपाट खरा, पण यझदजवळच्या मैबोद गावच्या मोठ्या मागावरचा, सुती, मशिदींसाठी विणलेला. त्याचा टोळ्यांशी संबंध नाही.

कापलेला तुकडा पूर्ण वस्तू म्हणून घेऊ नका. व्यापारी माफ्रशच्या बाजू सुट्या करून छोटे गालिचे म्हणून विकतात. चारही कडा नीट पाहा. दोन-तीन कडा मूळच्या आणि उरलेली कापून शिवलेली असेल, तर किंमतही तशीच हवी.

दशा कापू नका. त्या शोभेसाठी लावलेल्या झालरी नव्हेत, ताण्याचीच टोके आहेत. कापल्या की बाणा सुटू लागतो. उसवल्या असतील तर जाणत्या कारागिराकडून बांधून घ्या. विणीतल्या फटीही सरसकट शिवून टाकू नका.

झटकू नका, यंत्रात धुऊ नका. कोपरा धरून फटकारल्यास फटीच्या कडा फाटतात. व्हॅक्यूम ब्रश न लावता, हलका, विणीच्या आडव्या दिशेने. खाली न घसरणारी जाळी घाला.

कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये बंद करून ठेवू नका. ओल आत अडकते, बुरशी येते आणि कसर लागते. कोरडा झाल्यावर सुती चादरीत गुंडाळा, घडी घालू नका. डांबरगोळ्या लोकरीला टेकवू नयेत. महिन्यातून एकदा उलगडून सावलीत वारा द्या आणि गुंडाळीच्या आत, फटींत कसरीची पांढरी जाळी दिसते का ते बघा. कडक ऊन नको, त्याने रंग एका बाजूने उतरतात.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी नियम न बघता घेऊ नये. तिथे इराणी गालिच्यांच्या आयातीवर 2010 मध्ये बंदी आली, 2016 मध्ये उठली आणि ऑगस्ट 2018 मध्ये पुन्हा लागू झाली. दुबईत किंवा पुण्यात घेतलेला किलीम सामानातून नेतानाही तो विणला कुठे गेला हेच विचारले जाते. तिकडच्या सीमाशुल्क खात्याचा चालू नियम वाचा, खरेदीची पावती आणि उगमाचा कागद जपून ठेवा, मगच पैसे द्या.