आवाज कसा, यापेक्षा कधी

अगं, काल फोनवर तुझा सूर ऐकला आणि कळलं, पोर घाबरलीय. "ताई, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी पारव्यासारखी घुमते," म्हणालीस. त्यात गॅरेजवाल्याने आख्खा टर्बो बदलायला सांगितलेला. नोकरी नवी, स्लाउचं घरभाडं डोक्यावर, आणि हा खर्च. थांब, अजून हो म्हणू नकोस.

लेस्टरला असताना माझ्या जुन्या पेट्रोल गाडीचंही हेच झालं होतं. मी टर्बो बदलून घेतला. पैसे गेले, घुमणं तसंच राहिलं. शेवटी दुसऱ्या एका वयस्कर मेकॅनिकने बॉनेट उघडून दोन क्लिपा सैल केल्या, एक बारीक नळी उपसली आणि मुठीत मावेल असा काळा भाग बाहेर काढला. त्याला छोटा हातपंप लावून हवा ओढली. काटा चढला आणि लगेच खाली आला. "आतला रबरी पडदा फाटलाय, हवा धरत नाही," तो म्हणाला. तो भाग म्हणजे डायव्हर्टर व्हॉल्व्ह. टर्बोच्या मानाने किरकोळ किमतीचा.

त्याचं काम समजून घे, म्हणजे कुणी तुला घाबरवू शकणार नाही. टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो आणि हवा दाबून इंजिनात भरतो. तू पाय काढलास की इंजिनाकडची झडप मिटते, पण टर्बो त्याच क्षणी थांबत नाही. दाबलेली हवा कोंडते. व्हॉल्व्ह उघडतो आणि तिला टर्बोच्या अलीकडे परत सोडतो. तो उघडला नाही, तर हवा टर्बोच्या पात्यांवरच उलटते. तुझा पारवा तोच असण्याची शक्यता मोठी.

म्हणून आवाज कसा येतो यापेक्षा कधी येतो ते बघ. पाय काढल्यावर एकदाच हलकं "फुस्स" झालं, तर काळजी नाही. व्हॉल्व्ह आपलं काम करतोय. पाय काढल्यावर फडफड किंवा घुमणं आलं, तर आधी व्हॉल्व्ह आणि त्याची बारीक नळी बघायची. पाय दाबताना "सूऽऽ" येतं आणि गाडी उचलत नाही, तर कुठेतरी हवा गळतेय: पाइप फाटला, क्लिप सुटली किंवा व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. गाडी उभी असताना किंवा हलका पाय असताना पत्रा थरथरल्यासारखं वाजलं, तर वेस्टगेटची, म्हणजे जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेची, दांडी ढिली झाली असेल. आणि इंजिनाच्या वेगाबरोबर सायरनसारखा चढत जाणारा आवाज, सोबत निळसर धूर आला, तर मात्र टर्बोचंच दुखणं समज आणि गाडी चालवू नकोस.

हे ऐकायला कुणाला तरी शेजारी बसव आणि रेकॉर्डिंग त्यालाच करू दे. चालवताना फोन हातात धरलास तर 200 पौंड दंड आणि 6 पॉइंट्स. तुझं लायसन्स दोन वर्षांचं झालेलं नाही. 6 पॉइंट्सवर ते रद्दच होतं. बॉनेटखाली हात घालायचा तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला असेल तर कोड वाचून घे. P0299 म्हणजे टर्बोचा दाब कमी पडतोय. त्याचा अर्थ टर्बो मेला असा नाही. तो दिवा तसाच ठेवलास तर एमओटीच्या वार्षिक तपासणीतही गाडी नापास होईल.

आणि कुणी हवा बाहेर सोडणारा, मोठ्याने फुसफुसणारा व्हॉल्व्ह गळ्यात मारायला बघेल, तर नको म्हण. तुझ्या गाडीसारख्या बऱ्याच गाड्यांत सेन्सरने मोजलेली हवा बाहेर गेली की पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. शिवाय तो बदल विमा कंपनीला कळवावा लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे घुमणं सुरू कधी झालं? गाडी तू डीलरकडून घेतलीस, त्याला चारच महिने झालेत. 2015 च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष विकतानाच होता असं धरलं जातं. तसा नव्हता हे डीलरने सिद्ध करायचं. म्हणून दुसऱ्या कुणाला गाडी उघडू देण्याआधी डीलरला ईमेल कर: पहिल्यांदा आवाज ऐकलास ती तारीख, पाय काढल्यावर येतो की दाबल्यावर, सोबत रेकॉर्डिंग. दुरुस्तीची संधी त्याला दे. तो दाद देईना आणि मोटर ओम्बड्समन या गाड्यांच्या तक्रारी सोडवणाऱ्या संस्थेचा सदस्य असेल, तर तिथे तक्रार कर. ग्राहकाला ती सेवा मोफत आहे.

मी तेव्हा आवाजाची नक्कल करून दाखवत बसले आणि वेळ, तारीख काहीच टिपलं नाही. तू आज रात्रीच वही काढ. वर तारीख घाल, खाली लिही: "पाय काढल्यावर." मग मला फोन कर, ईमेल आपण दोघी मिळून लिहू.