रब्बी मक्यातली लष्करी अळी आणि अंश-दिवसांचा हिशेब

अमेरिकन लष्करी अळी 2018 मध्ये भारतात आली. मक्यावरची तिची फवारणी अजूनही बऱ्याच शिवारांत पेरणीपासूनचे दिवस मोजूनच ठरते. खरिपात हे खपून जाते, रब्बीत नाही. अळीला स्वतःच्या अंगची ऊब नसते. हवा तापेल तशी ती वाढते आणि साधारण 12.5 अंश सेल्सिअसखाली जवळजवळ थांबते. म्हणून दिवसाच्या कमाल-किमान तापमानाची सरासरी काढून त्यातून 12.5 वजा करावेत. उरेल ती त्या दिवसाची जमा. अंड्यापासून पतंगापर्यंत अशी सुमारे 390 अंश-दिवसांची जमा लागते. सप्टेंबरात कमाल 31, किमान 22 असेल तर रोज 14 जमा होतात आणि पिढी चार आठवड्यांत पुरी होते. डिसेंबरात 30 आणि 13 असेल तर जमा रोजची 9. तीच पिढी सहा आठवड्यांवर जाते.

मग थंडीत धास्ती कशाला? कारण मकाही तितकाच रेंगाळतो. त्याच्यासाठी 10 अंश वजा धरले, तर त्याची रोजची जमा 16.5 वरून 11.5 वर येते, पोंगा जास्त दिवस कोवळा राहतो आणि मंदावलेल्या अळीलाही तो पुरतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: रात्र 12.5 च्या खाली उतरली की साधी सरासरी फसवते. झालेली वाढ काही मागे जात नाही, म्हणून अशा दिवशी किमानाच्या जागी 12.5 च धरावेत. हिशेब थोडा पुढे धावेल. पाहणी लवकर झाली तर बिघडत नाही.

अंश-दिवसांच्या आकड्यातून अळ्या किती येणार ते कळत नाही, फक्त केव्हा पाहायचे ते कळते. मोजणीची सुरुवातही शेतातूनच हवी. कामगंध सापळ्यात नर पतंगच अडकतात, तेव्हा ते दिसू लागताच पानांवर अंडीपुंज शोधावेत. ताजा पुंज फुटायला सुमारे 35 अंश-दिवस लागतात: सप्टेंबरात अडीच दिवस, डिसेंबरात चार. पाने खरवडणाऱ्या बारीक अळ्यांवर 5 टक्के निंबोळी अर्क चालतो. अळी पोंग्यात शिरली आणि वर विष्ठेचे बूच बसले की फवारा आत पोचत नाही. हिशेबासाठी तापमान आपल्या महसूल मंडळातल्या महावेध हवामान केंद्राचे घ्यावे.