पावसाळ्यातील मधमाशी व तिची निगा
(इयत्ता पाचवी ते सातवी : निसर्ग-निरीक्षण)

विषयप्रवेश
भाट्ये हे गाव रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस, काजळी नदीच्या खाडीपलीकडे वसलेले आहे. एका अंगास समुद्र व सुरूचे बन, दुसऱ्या अंगास माडांच्या बागा, असा येथील देखावा आहे. १९५५ साली येथे प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र स्थापन झाले. वाढत्या माडास साधारणपणे दर महिन्यास एक नवी पोय येते. पोयीतील नर-फुले पुष्कळ असून ती आधी उमलतात. मादी-फुले थोडी असून ती मागाहून पक्व होतात. म्हणून उंच जातीच्या माडास बहुधा दुसऱ्या पोयीवरील पराग लागतो. तो पोचविण्याचे काम वारा व कीटक करतात, आणि त्या कीटकांत मधमाशीची गणना प्रथम होते.

जेथे बारा महिने माड फुलतो, तेथे मधमाशी उपाशी राहील असे कोणास वाटणार नाही. तरीही कोकणात पेटीतील वसाहती पुष्कळदा ऐन पावसाळ्यात पेटी सोडून जातात. असे का घडते व ते कसे टाळावे, हे मुलांस समजावून देणे हा ह्या पाठाचा हेतू आहे.

उपासमारीची कारणे
काजू, आंबा, जांभूळ, करंज यांचा बहर वैशाखाअखेर सरतो. पुढे पावसाच्या झडी लागल्या की कामकरी माशीस बाहेर पडता येत नाही. उघडीप मिळाली तरी फुलांतील पराग धुपून गेलेला व मकरंद पाण्याने पातळ झालेला असतो. माडाची पोय तेवढी आधार देते. परंतु सबंध वसाहतीस तो पुरत नाही. ह्याच दिवसांसाठी माशीने चैत्र-वैशाखात मध साठविलेला असतो, आणि नेमका तोच मनुष्य काढून नेतो. म्हणजे ह्या उपासमारीचे अर्धे कारण पाऊस व अर्धे कारण मनुष्याचा लोभ होय.

आपल्याकडे पेटीत पाळतात ती देशी माशी सातेरी. अन्न कमी झाले की राणी अंडी घालणे आवरते, पिलावा कमी होतो, आणि अखेर वसाहत पेटी सोडून जाते. येथे मुलांकडून एक हिशेब करून घ्यावा. अंड्यातून कामकरी माशी बाहेर पडण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. त्यानंतर दोन-तीन आठवडे ती पेटीतीलच कामे करते, आणि मग फुलांवर जाते. म्हणून कार्तिकात मध आणणारी माशी भाद्रपदात अंड्याच्या रूपात असावी लागते. भाद्रपदात राणी उपाशी, तर कार्तिकात पेटी रिकामी.

अन्न कसे द्यावे
१. मध काढताना फक्त वरच्या कोठ्यातील काढावा. खालच्या, पिलाव्याच्या कोठ्यातील मधास हात लावू नये. तो माशांचा हक्काचा शिधा आहे.
२. पाण्यास उकळी आणून ते चुलीवरून उतरावे, त्यात समभाग साखर विरघळवावी व पाक पूर्ण थंड होऊ द्यावा. गूळ वापरू नये. त्याने माशांस हगवण लागते. बाजारचा मधही देऊ नये. त्यातून रोग येण्याचा संभव असतो.
३. पाक सायंकाळी, पेटीच्या आत, उथळ भांड्यात ठेवावा. माशा बुडू नयेत म्हणून त्यात काड्या टाकाव्यात. पाक बाहेर सांडला तर दुसऱ्या वसाहतीच्या माशा लुटीस येतात. म्हणून सर्व पेट्यांस एकाच वेळी पाक द्यावा.
४. फुलोरा सुरू होताच पाक बंद करावा. पाकापासून साठविलेला साठा मध म्हणून विकणे ही फसवणूक होय.

आरोग्य कसे राखावे
पेटी उंच घोडीवर, पुढे किंचित उतार देऊन ठेवावी आणि वर झापांचे छप्पर करावे. घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले म्हणजे मुंग्या चढत नाहीत. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, उघडीप पाहून, तळपाट पुसून काढावा. माशांनी न व्यापलेली रिकामी पोळी काढून घ्यावीत. मेणकिडा प्रथम तेथेच शिरतो. अळ्या पाण्याने भरलेल्या पिशवीसारख्या होऊन मरू लागल्या, तर तो थाई सॅकब्रूड हा विषाणुजन्य रोग असू शकतो. त्यावर औषध नाही. ती पेटी दूर न्यावी, तिच्या चौकटी दुसऱ्या पेटीत घालू नयेत आणि जाणत्याचा सल्ला घ्यावा. आंब्याच्या मोहरावर फवारणी करणे भाग पडले, तर ती माशा फुलांवर नसताना, सायंकाळी करावी, व शेजाऱ्यास आधी कळवावे.

मार्गदर्शनाची सोय महाराष्ट्रात जुनी आहे. महाबळेश्वर येथे १९४६ पासून शासनाच्या वतीने मधमाशापालनाचे काम चालू आहे. पुणे येथे १९६२ साली केंद्रीय संशोधन व प्रशिक्षण संस्था निघाली. महाबळेश्वरजवळील मांघर हे १६ मे २०२२ रोजी ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले.

वर्गात करावयाचे काम
वर्गाच्या भिंतीवर बारा घरांचा तक्ता लावून ‘फुलांची दिनदर्शिका’ तयार करावी. कोणत्या महिन्यात काय फुलले व त्यावर माशी दिसली काय, हे मुलांनी दर आठवड्यास लिहावे. आषाढ ते भाद्रपद ह्या घरांत नोंदी थोड्या येतील. त्या कशा वाढतील, ह्याचा विचार मुलांनीच करावा. परसात काकडी, दोडका, भोपळा लावणे. बांधावर तीळ पेरणे. तेरडा उपटून न टाकणे, अशी उत्तरे त्यांच्याकडूनच यावीत.

सूचना : मुलांस उघड्या पेटीजवळ नेऊ नये. डंख झाल्यास काटा चिमटीत न धरता नखाने खरवडून काढावा. श्वास लागला किंवा चेहरा सुजला, तर तत्काळ दवाखान्यात न्यावे.

प्रश्न
१. माड बारमाही फुलत असूनही मधमाशी पावसाळ्यात उपाशी का राहते?
२. पाक सायंकाळीच का द्यावा?
३. तुमच्या घराभोवती श्रावणात कोणती फुले असतात? त्यांपैकी कोणत्या फुलांवर माशी बसते?
४. पेटीतील सर्व मध काढून घेणाऱ्या माणसास तुम्ही काय सांगाल?