मांजरदार : दारातल्या दाराचं इंजिनिअरिंग

घराच्या दारात खाली आणखी एक छोटं दार, तेही फक्त मांजरासाठी! परदेशी सिनेमांत ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. इंग्रजीत त्याला कॅट फ्लॅप म्हणतात. मराठीत सुटसुटीत शब्द मिळाला नाही म्हणून मी 'मांजरदार' म्हणणार आहे, मराठीच्या मॅडमनी रागावू नये. (ऱ्हस्वदीर्घाचं पण बघून घ्यावं, आम्ही कॉन्व्हेंटवाले!) दिसायला एकदम सोपी वस्तू. एक भोक आणि त्यात वरून लोंबणारा एक पत्रा. पण प्रत्यक्ष बसवायला घेतलं की फर्स्ट इयरचं अप्लाइड मेकॅनिक्स, सेकंड इयरचं फ्लुइड आणि कुठल्याच इयरला नसलेलं 'आजीला पटवणे' हे तिन्ही विषय एकदम लागतात. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी मी हे काम केलं. त्याचे हे जर्नल समजा, फक्त सबमिशनची घाई नसलेलं.

आधी थोडा इतिहास, कारण एक गैरसमज दूर करायचाय. मांजरदाराचा शोध न्यूटनने लावला असं बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. मोठ्या मांजरासाठी मोठं भोक आणि पिल्लासाठी वेगळं छोटं भोक, एवढा हुशार माणूस पण मोठ्या भोकातून पिल्लूही जाईल हे त्याला सुचलं नाही, अशी ती गोष्ट. आता न्यूटन जन्मला १६४२ मध्ये. आणि चौसर हा इंग्रजी कवी वारला १४०० मध्ये. त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मधल्या मिलरच्या गोष्टीत एक नोकर बंद खोलीत डोकावतो तो मांजराच्या येण्याजाण्याच्या भोकातूनच! म्हणजे न्यूटनच्या अडीचशे वर्षं आधी तिकडे हे भोक इतकं नेहमीचं होतं की कवीला समजावून सांगावंसुद्धा लागलं नाही. इंग्लंडमधल्या एक्सेटर कॅथेड्रलमध्ये तर जुन्या घड्याळाखालच्या दाराला असं भोक आजही आहे, आणि तिथल्या १३०५ ते १४६७ च्या हिशेबात मांजराच्या खर्चासाठी तिमाहीला १३ पेन्स लावलेले आहेत. आपल्या मेसमधल्या बोक्याला हे कळलं तर तो उद्यापासून स्टायपेंड मागेल.

मग आपल्याकडे असं दार का नव्हतं? माझं उत्तर असं की गरजच नव्हती. कौलारू घरात भिंत आणि छपराच्या मध्ये मोकळी जागा असते. मांजर भिंतीवरून चढतं, वाशांवरून चालतं आणि कोनाड्यात उतरतं. त्याचं मांजरदार डोक्यावर होतं, जमिनीजवळ नव्हतं. आमच्या घरी मागच्या पडवीची कौलं काढून पत्रे टाकले, माकडांच्या त्रासाने वर जाळी मारली, खिडक्यांना ग्रिल आलं. घर बंदोबस्तात आलं आणि मांजराची वाट गेली. उरलं फक्त मागचं दार.

आणि खरा प्रश्न इथून सुरू होतो. आजी ७४ वर्षांची. वर्षातले बरेच महिने घरी एकटीच. मनी (आमची मांजर, साडेतीन किलो) रात्री दोन-तीनदा आतबाहेर करते, आणि दर वेळी आजी गुडघे धरत उठते. उठवेना झालं तेव्हा तिने दार किलकिलं ठेवायला सुरुवात केली. दोन वर्षांपूर्वी श्रावणात त्या फटीतून पडवीत मण्यार आली. मण्यार रात्रीचीच फिरते, तिचा दंश अनेकदा फारसा दुखत पण नाही, आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो झोपेतच होतो. आजी तेव्हा जमिनीवरच झोपायची. बाबांनी पुण्याहून फोनवर निकाल दिला : मांजर कोणालातरी देऊन टाक. आजीचं म्हणणं, मांजर गेली तर पडवीतल्या कणग्यांत उंदीर येणार, आणि उंदरांच्या मागे पुन्हा साप येणार. दोघांचंही लॉजिक करेक्ट! म्हणून मी मांजरदार सुचवलं तर आजी माझ्यावरच उखडली. "दाराक भोक पाडूक तुझ्या आजोबांनी फणस तोडूक नाय!" दार आजोबांनी घरच्या फणसाचं करून घेतलेलं. हे ड्रॉइंग शीटवरून खोडता येणारं काम नव्हे. भोक पडलं की पडलं.

त्यामुळे पहिला धडा करवतीचा नाही, दार वाचण्याचा. दार कुठलं आहे ते आधी बघा. सलग फळ्यांचं असेल तर भोक दोन फळ्यांच्या सांध्यावर येतं आणि मागची आडवी पट्टी कापली जाते, म्हणजे दाराचा कणाच जातो. फ्लश डोअर असेल तर ते आतून पोकळ असू शकतं. भोक पाडल्यावर चारी बाजूंनी आत लाकडी पट्टी भरून स्क्रूला धर द्यावा लागतो. काचेचं असेल तर दुकानातून भोक पाडूनच काच आणावी, टफन्ड काच नंतर कापता येत नाही, तिचा चुरा होतो. आमचं होतं चौकटीचं दार, म्हणजे जाड उभ्या-आडव्या पट्ट्या आणि मध्ये पातळ तावदानासारखी लाकडी पॅनेलं. ताकद पट्ट्यांत, पॅनेल नुसतं भरायला. सुतारकाकांनी दार पालथं-उताणं करून दाखवलं की खालचं एक पॅनेल पूर्वी वाळवी लागल्यावर बदललेलं आहे, त्यामुळे ते खाचेत अडकलेलं नसून मागून बारीक पट्ट्या ठोकून बसवलंय. बस्! पट्ट्या काढल्या, पॅनेल अख्खं बाहेर. ते कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलं आणि त्याच मापाचं १२ मिमी मरीन प्लायचं पॅनेल बसवून त्याला भोक पाडलं. आजोबांच्या लाकडाला करवत लागली नाही. आजी दोन दिवसांनी बोलायला लागली.

प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० हा शिक्का बघा, तो मरीन प्लायचा. पण शिक्का असला तरी कापलेली कड उघडीच राहते आणि कोकणातला पाऊस तिथूनच आत शिरतो. कडेला आधी प्रायमर, मग लांबी, मग ऑइलपेंटचे दोन हात. हे काम कंटाळवाणं आहे, तरी टाळायचं नाही.

आता मापं. मांजराचं डोकं गेलं की बाकीचं मांजर जातं, कारण त्याचं गळपट्टीचं हाड अगदी लहान आणि स्नायूंत सुटं असतं, आपल्यासारखं खांद्याला पक्कं जोडलेलं नसतं. साध्या मांजराला १६ सेंमी रुंद आणि १८ सेंमी उंच भोक भरपूर होतं. भोकाची खालची कड मांजराच्या पोटाच्या थोडी खाली ठेवायची, आम्ही आतल्या जमिनीपासून १३ सेंमी ठेवली. बाहेर एक पायरी खाली असल्याने तिकडून ती फूटभर उंच पडते. सुतारकाका म्हणाले बाहेर एक चिरा टाकू. मी नको म्हटलं. मांजर फूटभर सहज चढते, आणि उंबरा उंच असलेला मला हवाच होता. मनी म्हातारी झाली की बघू.

भोक पाडायची रीत : गुण्या लावून चौकोन आखा, चारी कोपऱ्यांना आतल्या बाजूने गिरमिटाने किंवा ड्रिलने भोकं पाडा, मग जिगसॉ किंवा बारीक करवत त्या भोकांतून फिरवा. कोपरा टोकदार न ठेवता गोल राहू द्या. टोकदार कोपऱ्यात स्ट्रेस गोळा होऊन चीर पडते, हे आपण पेपरात लिहितो आणि वर्कशॉपमध्ये विसरतो.

झडपेसाठी ३ मिमी ॲक्रिलिक घेतलं, गाड्यांच्या नंबरप्लेट करणाऱ्याकडे तुकडा मिळाला. पारदर्शकच घ्या. पलीकडे काय आहे ते दिसल्याशिवाय मांजर डोकं घालत नाही (आपल्यापेक्षा शहाणं). नेहमीची बिजागरी इथे चालत नाही, कारण ती एकाच बाजूला उघडते आणि आपल्याला दोन्हीकडे झुलणारी झडप हवी. म्हणून झडपेच्या वरच्या कडेला ॲल्युमिनियमची पन्हळ बसवून त्यातून ३ मिमीची स्टेनलेस सळई आडवी घातली आणि तिची टोकं भोकाच्या दोन्ही बाजूंना प्लायमध्ये बसवली. चारी बाजूंना ३ मिमी फट ठेवली. याहून कमी ठेवली तर पावसात प्लाय जरा फुगल्यावर झडप घासते.

आता आवडीचा भाग! झडपेचं वजन शंभरेक ग्रॅम. तिचा गुरुत्वमध्य मध्यावर, म्हणून ४५ अंश उघडी धरायला खालच्या कडेला लागणारं बळ फक्त ३५ ग्रॅम वजनाएवढं येतं. मांजराला हे काहीच नाही. सोडल्यावर झडप लंबकासारखी झुलते. लांबीच्या दोन तृतीयांश साध्या लंबकाचा काळ काढा, साधारण ०.७ सेकंद येतो, आणि त्यात वजन कुठेच नाही. म्हणजे जड झडप लवकर थांबेल म्हणून ॲक्रिलिकऐवजी प्लाय लावणं व्यर्थ. थांबवायचं काम घर्षण आणि हवा करतात.

पण वारा? हवेचा दाब म्हणजे घनतेच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणायचं. सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर, ही काही वादळाची हवा नव्हे. तरी तेवढ्यात आपली झडप वीसेक अंश उचलली जाते. जूनमध्ये ती रात्रभर टपटप करणार आणि फट उघडी राहणार. म्हणून खाली मॅग्नेट हवं. वेग दुप्पट धरला तर दाब चौपट, आणि झडप बंद ठेवायला खालच्या कडेला ८० ग्रॅमएवढी पकड लागते. मी १०० धरली. मांजर नाक साधारण मध्यावर लावतं, म्हणजे त्याला दुप्पट, २०० ग्रॅम ढकलावं लागेल. चालतंय. हार्डवेअरच्या दुकानातलं कपाटाचं मॅग्नेट कॅचर मात्र किलोकिलोने धरतं, मनी त्यावर डोकं आपटूनच गेली असती. यावर उपाय एकदम सोपा : चुंबक आणि पट्टीमधलं अंतर थोडं वाढलं की पकड झपाट्याने कमी होते. चुंबकावर इन्सुलेशन टेपचे थर चढवत जायचं आणि दर थराला स्प्रिंग बॅलन्सने ओढून बघायचं. १०० वर काटा आला की थांबायचं.

ई अँड टीसीचे मित्र म्हणाले, चिप का नाही लावत? बरोबर आहे, तिकडे मांजराच्या कातडीखालची १५ आकडी चिप १३४.२ किलोहर्ट्झवर वाचून फक्त आपल्याच मांजराला उघडणारी दारं मिळतात. इंग्लंडमध्ये १० जून २०२४ पासून पाळीव मांजराला चिप सक्तीचीच आहे. शेजारचा बोका आत येऊ नये यासाठी ते उत्तम. पण मनीला चिप नाही, आणि पावसाळ्यात आजीने सेल बदलत बसायचं हे मला पटेना.

राहिले चोर आणि साप. चोराचा हिशेब हाताच्या लांबीचा. माणसाचा हात खांद्यापासून साधारण ७०-७५ सेंमी, त्यामुळे भोकापासून त्या अंतरातली कुठलीही कडी नसल्यातच जमा. आमच्या दाराची खालची कडी अशी बाद झाली. वरचा अडसर ११० सेंमीवर आहे, त्याला काठीनेही ढकलता येऊ नये म्हणून आडवी खुंटी मारली. किल्ल्या दाराशेजारच्या खिळ्यावरून उचलल्या.

सापाचं मात्र सरळ सांगते : झडप साप थांबवेलच असं मी म्हणणार नाही. उंच उंबरा, ३ मिमी फट, मॅग्नेट यांनी उघड्या दारापेक्षा धोका खूप कमी होतो, पण शून्य होत नाही. म्हणून दोन दारांची योजना. मांजरदार पडवीत उघडतं, कणग्या पण पडवीत, म्हणजे मनीची ड्यूटी तिथेच. पडवी आणि माजघरातलं दार रात्री पूर्ण बंद, खालच्या फटीला रबरपट्टी. आजी आता खाटेवर झोपते. तिची तक्रार वेगळीच होती : "माझ्या पायाकडे निजता ता." त्यावर माझ्याकडे कॅल्क्युलेशन नव्हतं. मनीला पडवीत गोणपाट दिलंय. पहाटे दार उघडलं की ती आधी आजीच्या खाटेवर जाते.

मांजराला शिकवायला सुतारकामापेक्षा जास्त दिवस लागतात. पहिले चार दिवस झडप सुतळीने पूर्ण वर बांधून ठेवा, नुसतं भोक. मग अर्धी खाली. मग पूर्ण, पण मॅग्नेटशिवाय. पलीकडे बांगड्याचं डोकं ठेवा. मांजराला धरून आत कोंबू नका, एकदा घाबरली की पुन्हा त्या दाराकडे बघणार नाही. मॅग्नेट सगळ्यात शेवटी. मनीला बारा दिवस लागले.

सळईला तेल लावत जा, पण कुठलं ते सांगून ठेवते. आजीने हाताशी होतं म्हणून खोबरेल घातलं. पावसाळाभर मस्त चाललं. डिसेंबरात फोन आला, मांजर दारात उभी राहून ओरडते. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, आणि थंडीच्या पहाटे झडप जाम! शिवणयंत्राचं तेल घाला.