कोडे फसवते कसे?



साध्या शब्दकोड्यात ‘पाण्याचा प्रवाह’ असे विचारले की आपण ‘नदी’ लिहून मोकळे होतो. गूढ शब्दकोडे इतके सरळ नसते. शब्दकोड्याचा जन्म १९१३ साली न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात झाला, पण ही गूढ रीत त्यानंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये रुजली. आज ती मराठीत लावून पाहू.

गूढ सूचनेचे दोन भाग असतात. एक भाग उत्तराचा सरळ अर्थ सांगतो. तो सुरुवातीला किंवा शेवटी असतो. उरलेला भाग म्हणजे शब्दांचा खेळ. दोन्हींचे उत्तर एकच यायला हवे. कंसातला आकडा घरांचा. काना-मात्रेसकट अक्षराला एक घर, जोडाक्षरालाही एकच.

१) दोन अर्थ : ‘नाटकातले भांडे (२)’. नाटकात असते ते पात्र, भांडे म्हणजेही पात्र. व्याकरणात शिकलेला अभंग श्लेष तो हाच.

२) उलट : ‘गरीब उलटा फिरला, तर नर्मदा (२)’. गरीब म्हणजे दीन. उलट वाचा, नदी.

३) लपलेला शब्द : ‘एक मळकट तळे, पोटात फूल (३)’. ‘एक’मधला क आणि ‘मळकट’मधले मळ जोडा. कमळ!

४) अदलाबदल : ‘विकता गडबड झाली, कवीने लिहिली (३)’. वि, क, ता यांच्या जागा बदला : कविता. वेलांटी आणि काना आपापल्या अक्षराबरोबरच जातात.

५) फोड : ‘घाव घाली, पंढरीला जाई (४)’. घाव म्हणजे वार, घाली म्हणजे करी. वारकरी! हा सभंग श्लेष. मात्र कोड्यातली फोड म्हणजे शब्दाचे मूळ नव्हे. वारकरी हा शब्द वारीवरून आला, घावावरून नव्हे.

सोडवताना वाक्याच्या वरवरच्या अर्थाला भुलू नका. आधी दोन्ही टोके तपासा, मग ‘उलटा’, ‘पोटात’, ‘गडबड’ असे इशारे शोधा. उत्तर दोन्ही बाजूंनी जुळले तरच लिहा. अंदाजाने भरलेले एक घर पुढची चार बिघडवते.

पालकांसाठी दोन शब्द. आपल्या इंदुरात मूल घरी मराठी आणि गल्लीत हिंदी बोलते. त्यामुळे ओळखीचा शब्द दिसला की हिंदीतला अर्थ आधी डोक्यात येतो. ‘हिंदीत शिकवण, मराठीत छडी (२)’, उत्तर शिक्षा. ‘चेष्टा’चेही तसेच : हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. धड्यात ‘त्याची चेष्टा झाली’ असे वाचून मूल भलतेच समजते, आणि समजले नाही हे त्याला कळतही नाही. शब्द दोनदा तपासायची सवय कोड्याने लागते. आजी-आजोबांना शेजारी बसवा; करी, घाली, जाई ही जुनी रूपे त्यांच्या तोंडी अजून आहेत.

आता तुम्ही सोडवा :
अ) नगरपालिकेला दिलेला हात (२)
आ) हवा घरात आली, आत जनावर दिसले (२)

सोडवून झाल्यावर प्रत्येकाने स्वतःची एक सूचना तयार करून वर्गात विचारावी. कोडे रचताना शब्द जितका कळतो, तितका सोडवताना कळत नाही.

(उत्तरे : अ - कर, आ - वाघ)